जास्वंदीवरचा दिवा

"किडे आहेत का तुमच्याकडे?" मी विचारलं.

उपळेकरसाहेबांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि माझ्याकडे वरून पाहिलं. "कसले किडे, तांबट?"

"मेलेले. पाखरं, चिलटं, काहीही चालेल. जुन्या दिव्यातले असले तर उत्तम."

साहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यभर सिमेंट मागितलं होतं, लोखंड मागितलं होतं. किडे त्यांच्याकडे पहिल्यांदाच कोणी मागत होतं. मी त्यांना समजावून सांगितलं. खांबावर नवा दिवा लावला की येणारा जाणारा वर बघतो. काच स्वच्छ दिसली की अजून बघतो. पण काचेच्या तळाशी मूठभर मेलेले किडे दिसले की माणसाला वाटतं, हा दिवा इथे कायमचाच आहे. मग त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लोकांनी न बघितलेल्या दिव्यात काय पाहिजे ते लपवता येतं.

"वा," साहेब म्हणाले. "डोकं आहे तुम्हाला."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीत आमचं दिव्यांचं दुकान. आजोबा समया ठोकायचे, वडील कंदील आणि गॅसबत्त्या विकायचे, मी ट्यूबलाइटवर आलो. त्या सुमाराला गावात दिव्यात कॅमेरे बसवून घ्यायची टूम निघाली होती, आणि ते काम माझ्या हाताला चांगलं बसलं होतं. दोन सराफ झाले, एक कापडवाले झाले, एक मंगल कार्यालय झालं. दुधी काचेमागून कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याचं भिंग काचेच्या कडेला, पत्र्याच्या पट्टीत बसवावं लागतं, हरभऱ्याएवढ्या भोकात. माझ्या वडिलांनी मला पत्र्याला भोक पाडायला शिकवलं ते झांजेची दोरी ओवण्यासाठी. कुठली विद्या कुठे कामाला येईल ते तो गजाननच जाणे.

साहेबांच्या सोसायटीच्या बागेत डबल लाल जास्वंद होती. गुडघ्याएवढं रोप साहेबांनी कोकणातून आणून लावलं होतं, ते वाढून पहिल्या मजल्याच्या गॅलरीला लागलं होतं. रोज वीस-पंचवीस फुलं उमलायची आणि साहेब सहाला परडी घेऊन खाली उतरायचे तेव्हा झाडावर एकही नसायचं.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. वर्षानुवर्षं. लावलं मी, पाणी घालतो मी आणि माझ्या गणपतीला मी बाजारातून फुलं आणतो."

"तुम्ही पाचला उठून बघितलंत तर?"

"डॉक्टरांनी झोप मोडू नका म्हणून सांगितलंय."

"मग साधा कॅमेरा लावू की. उघडा. चोर येणारच नाही."

"मला चोरी थांबवायची नाही, तांबट. मला चोर पकडायचा आहे." साहेबांनी आवाज खाली आणला. "चोर मला माहीत आहे. फक्त पुरावा नाही."

चोर म्हणजे सोसायटीचा वॉचमन, सिदराम बंडगर. जत तालुक्यातला माणूस. पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत बायको आणि मुलगी घेऊन राहायचा. मुलगी रेणुका दहावीला होती, परीक्षेला महिना राहिला होता. साहेबांचा हिशोब साधा होता: रात्रभर बागेत जागा असणारा माणूस एकच. देवळापाशी हार विकणाऱ्या बाईकडे एकदा डबल लाल जास्वंद दिसली होती. आणि सिदरामला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "सायेब, फुलं देवालाच जात्यात की."

"हे काय उत्तर झालं?" साहेब म्हणाले. "उद्धटपणा आहे हा. रविवारी दहाला कमिटीची सभा आहे. नोटीस टाईप करून ठेवलीय. आठ दिवसांत खोली खाली. पण मी खात्यात असताना पुराव्याशिवाय कोणालाही काढलं नाही, आणि आत्ताही काढणार नाही. गणेश जयंतीच्या आत बसवा."

मला त्या सोसायटीत कोणी नवीन नव्हतं. माघी गणेश जयंतीला तिथे तीन दिवस कीर्तन असायचं, आणि एकोणीस वर्षं मी त्या कीर्तनात झांज धरत होतो. कीर्तनकार मंदाकिनीबाई आगाशे. त्याच सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. सगळे त्यांना माई म्हणायचे. तेव्हा चौऱ्याहत्तरच्या होत्या. नऊवारी, खांद्यावर उपरणं, उंची एवढीशी. पण एकदा गादीवर उभ्या राहिल्या आणि नमन सुरू केलं की मांडवाचा खांब लहान वाटायचा. माझ्या आईच्या खालोखाल मी ज्या पायांवर डोकं ठेवलं ते माईंचे.

बुधवारी दुपारी मी दिवा बसवला. किडे माझ्याच जिन्यातल्या दिव्यातले. सिदरामनं शिडी धरली.

"ह्यो दिवा चांगलाच हुता की, शेठ," तो म्हणाला.

"वायर जळली होती."

"बरं केलं बगा. दिवा गेला की पहाटं हितं लई अंधार अस्तुय. कोन म्हातारं मानूस पडंल."

मी खाली न बघता स्क्रू पिळले.

गुरुवारी, उत्सवाच्या पहिल्या दिवशी, सकाळी कार्ड काढून दुकानात आणलं आणि कॉम्प्युटरला लावलं. पाच वाजून बारा मिनिटांनी माई बागेत आल्या. चपला वाटेवरच काढल्या. झाडाला हात जोडले. मग हातातल्या तबकात एकेक फूल ठेवत गेल्या. सगळं झाड रिकामं केलं. पुन्हा हात जोडले आणि चपला घालून गेल्या. एकूण नऊ मिनिटं.

मी ते तीनदा पाहिलं. मग माझ्या हातानं कार्ड कोरं केलं. विचार काही केला नाही, खोटं कशाला बोलू. उदबत्तीची ठिणगी पायावर पडली की पाय आपोआप मागे येतो, तसा हात पुढे गेला.

साहेबांना फोन केला. "कॅमेऱ्यात बिघाड दिसतो, काही उमटलं नाही. दुरुस्तीला नेतो, रविवारच्या आत बघू."

"बिघाड?" साहेब म्हणाले. "तुमच्या कॅमेऱ्यात आजवर बिघाड झाला होता?"

"नाही."

"मग त्यानं केला. शिडी कोणी धरली होती?"

"सिदरामनं."

"बघा," साहेब म्हणाले. "पक्का आहे." आणि तडक खाली जाऊन त्यांनी सिदरामला झापलं.

माईंना वाचवायला गेलो आणि दोरी सिदरामच्या गळ्यात आणखी आवळून आलो.

त्या संध्याकाळचं कीर्तन संपल्यावर, आरतीचं तबक फिरून गेल्यावर, मी माईंची पेटी आणि झांज उचलून त्यांच्या घरी पोहोचवायला गेलो. देव्हारा जास्वंदीनं झाकून गेला होता. गणपतीची नुसती सोंड दिसत होती.

"माई, ही फुलं कुठली?"

"बागेतली."

"विचारून आणता?"

"कोणाला विचारायचं? पाच वाजता उपळेकर कुठे जागे असतात?" माई उपरण्याची घडी घालत म्हणाल्या. "आमच्या आई सांगायच्या, देवाच्या फुलाला चोरी नसते. लहानपणी मी गावात कोणाचं कुंपण सोडलं नाही. आता कुंपणं झेपत नाहीत, बाग दारातच आहे ही त्याची कृपा. का रे?"

मी सगळं सांगितलं. दिवा, कॅमेरा, किडे, नोटीस. कार्ड कोरं केल्याचंही सांगितलं.

माई खाली बसल्या. "सिदरामवर?" एवढंच म्हणाल्या. देव्हाऱ्यातली वात सरळ जळत होती.

"का पुसलंस, भालचंद्रा?"

"तुमच्यासाठी, माई."

"म्हणजे चोरी केली मी, खोटं बोललास तू आणि घर जायचं त्याचं. छान वाटणी झाली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लेकीची परीक्षा आहे ना त्याच्या?"

"हो. मी साहेबांना सांगू का?"

"तू गप्प बस. चार लोकांत चोर ठरवलाय, चार लोकांतच सोडवते."

शुक्रवारी पहाटे माईंनी फुलांना हात लावला नाही. सहाला साहेब खाली आले तर झाड लाल. मला सातलाच फोन आला. "तांबट, बावीस फुलं! आठ वर्षांत पहिल्यांदा. काल दम भरला आणि आज फुलं जागच्या जागी. आता तुमच्या कॅमेऱ्याची गरजही नाही म्हणा."

शुक्रवारी संध्याकाळी मांडव भरला होता. माईंचा पूर्वरंग होता, देवाला काय आवडतं. मध्यंतरी साहेबांनीच त्यांना बुक्का लावून हार घातला. उत्तररंगाला माईंनी नेहमीचं आख्यान घेतलं नाही. झांज थांबवायची खूण केली आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आज पुराणातलं सांगत नाही. आज एका म्हातारीचं सांगते. ही म्हातारी देवाची मोठी भक्त म्हणवायची. रोज पहाटे उठून दुसऱ्यानं वाढवलेल्या झाडाची फुलं चोरायची. एक दिवस आळ आला दुसऱ्यावर. कोणावर? जो रात्रभर जागून तिच्या दाराची राखण करायचा, त्याच्यावर."

माई पुढे म्हणाल्या, "आणि ती म्हातारी, श्रोतेहो, लांबची नाही. ती मी आहे. याच बागेतली फुलं मी चोरली."

पहिल्या रांगेतून कोणीतरी हुंदका दिला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. "काय बाई आख्यान लावलं!" माझ्यामागे पेटीवाले पुटपुटले. उपळेकरसाहेब उठून गादीपाशी आले, माईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "माई, आज कळस केलात. स्वतःला चोर म्हणवून घ्यायचं! संतांची परंपरा ती हीच."

"उपळेकर, अहो मी खरंच..."

"खरंच! यापेक्षा खरं काय असतं?"

टाळ्या पडल्या. माईंचं कीर्तन इतकं कधी रंगलं नव्हतं, असं पुढे कित्येक वर्षं लोक सांगत. एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता. सिदराम मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभा होता आणि मान हलवत होता, नको नको अशी.

शनिवारी सकाळी माई थेट साहेबांच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो.

"उपळेकर, ती फुलं मी नेत होते."

साहेबांनी हात जोडले. "माई, किती मोठं मन तुमचं. गरिबासाठी आळ अंगावर घेताय."

"अहो अंगावर घेत नाही, अंगावरच आहे तो!"

"तुमच्यावर माझी श्रद्धा आहे. पण सभेत श्रद्धा चालत नाही. पुरावा लागतो."

"मी म्हणतेय हा पुरावा नाही?"

"तुम्ही कशालाही हो म्हणाल, माई. सगळ्या सोसायटीला माहीत आहे तुम्ही कशा आहात ते."

आता तोंड उघडायची वेळ माझी होती. मी दाराच्या कडीकडे बघत उभा राहिलो. दुकान होतं, नाव होतं, सराफांची कामं होती. दिव्यातलं पाहून पुसणाऱ्याला पुन्हा कोण बोलावतं?

जिना उतरताना माई म्हणाल्या, "त्या माणसाला माझ्यापेक्षा दिव्यावर विश्वास आहे. तुझं ते यंत्र आज परत बसव. आणि कुठे बघायचं ते मला दाखव."

शनिवारी दुपारी मी कॅमेरा बसवला, आणि पत्र्याच्या पट्टीतलं हरभऱ्याएवढं भोक बोट वर करून माईंना दाखवलं. तिसऱ्या दिवसाचं कीर्तन त्यांनी नेहमीसारखं केलं.

रविवारी नऊला मी कार्ड घेऊन साहेबांच्या घरी गेलो. सभेला एक तास होता. नोटीस टीपॉयवर होती, वर पेपरवेट. साहेबांच्या टीव्हीला कार्डाचं डबडं जोडलं. बाग दिसली. पाच वाजून दहा मिनिटं. माई आल्या. चपला काढल्या, हात जोडले, फुलं तोडली. तबक भरलं. मग त्या दिव्याखाली आल्या, मान वर केली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं. चेहरा पडदाभर झाला.

"हे मुद्दाम केलंय," साहेब म्हणाले. "सिदरामला वाचवायला. हा काही पुरावा नव्हे." त्यांनी रिमोट उचलला.

माई बोलायला लागल्या. तबकातलं एकेक फूल वर धरून दाखवत होत्या आणि बोलत होत्या.

"आवाज?" साहेबांनी विचारलं.

"याला आवाज नसतो."

"मग काय म्हणतायत त्या?"

माझा डावा कान लहानपणापासून कमी ऐकतो. कीर्तनात तबला, पेटी आणि टाळ्यांच्या गलक्यात मला माईंचे शब्द कधी धड ऐकू आले नाहीत. एकोणीस वर्षं मी बाजूला उभा राहून त्यांच्या ओठांवरून पद उचलत आलो. त्या खोलीत ते वाचू शकणारा मी एकटा होतो, आणि मी काय वाचतो ते तपासणारं कोणी नव्हतं.

"त्या म्हणतायत," मी सुरुवात केली, "उपळेकर, ही फुलं मी तोडली. आठ वर्षं तोडतेय. गुरुवारीही मीच होते."

मी थांबलो.

"पुढे? अजून ओठ हलतायत."

पडद्यावर माई हसत होत्या. मागच्या बाकावरच्या पोराला उभं करणाऱ्या मास्तरणीसारख्या.

"पुढे म्हणतायत," मी म्हणालो, "गुरुवारचं भालचंद्रानं पुसलं. यंत्र बिघडलं नव्हतं. माझी लाज राखायला त्यानं पुसलं आणि तुमच्याशी खोटं बोलला. त्याला फार रागावू नका. झांज तो बरी धरतो."

साहेबांनी रिमोट खाली ठेवला. "हे त्या म्हणतायत की तुम्ही?"

"दोघंही, साहेब. गुरुवारी माई होत्या. मी पाहिलं आणि पुसलं."

साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. खात्यात असताना ठेकेदाराकडे बघत असतील, तसे. मग म्हणाले, "असं स्वतःचं नुकसान करून कोणी खोटं बोलत नाही." त्यांनी पेपरवेट उचललं, नोटीस घेतली, तिच्या चार घड्या केल्या आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. "तुम्हाला यापुढे या सोसायटीचं काम नाही, तांबट. झांज धरा. ते कमिटीच्या अखत्यारीत येत नाही."

"बरं."

"चला खाली."

साहेब त्या सोसायटीत बावीस वर्षं राहत होते, पण सिदरामच्या खोलीच्या दारात त्या दिवशी पहिल्यांदा उभे राहिले. आत रेणुका जमिनीवर भूमितीची आकृती काढत होती. सिदराम घाईनं बाहेर आला, शर्टाची बटणं लावत. चेहऱ्यावर, आली नोटीस, असं स्पष्ट लिहिलेलं.

साहेबांना माफी मागायची असावी. पण ज्या माणसानं जन्मभर लेखी हुकूम काढले, त्याच्या तोंडून माफीही हुकमासारखीच निघाली.

"सिदराम, माईंचं वय झालंय. झाड उंच वाढलंय. त्यांचा हात वर पोचत नाही. उद्यापासून पहाटे आकडी घेऊन त्यांना फांदी खाली धरून द्यायची. हा कमिटीचा आदेश समज."

सिदराम गोंधळला. साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सायेब, त्ये तर म्या रोजच धरतुय की. आट वर्सं झाली. मदी दोन दिस माई आल्या न्हाईत, तेवडं ऱ्हायलं. आज पुना धरली."

"आज? आज तर आम्ही..." साहेब थांबले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आकडी लांब होती. सिदराम उभा राहायचा तो खांबाच्या बुडाशी, जिथलं त्या कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. फांदी माईंच्याच हातानं खाली येते असं मी धरून चाललो होतो, आणि त्याला दोष लागू नये म्हणून माईंनी कबुलीत त्याचं नाव काढलं नव्हतं.

"मग तू बोलला का नाहीस?" साहेबांचा आवाज चढला. "मी इतकं बोललो तुला. खोली जायची वेळ आली. माई नेतात, एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं?"

"सायेब, तुमी इच्यारलं फुलं कुटं जात्यात. म्या सांगितलं, देवाला जात्यात." सिदरामनं खाली बघितलं. "कोन नेतं त्ये सांगितलं असतं तर माईंनी न्हेलीच नसती. आनि म्हातारीच्या देवाची फुलं बंद करून म्या खोली राखली असती, तर तितं झोप लागली असती व्हय?"

पंप सुरू झाला आणि भिंत हलल्यासारखी झाली.

साहेबांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली, मिटली, परत ठेवली. मग कमिटीच्या सभेत ठराव मांडावा तशा आवाजात म्हणाले, "उद्या धरशील तेव्हा दोन फुलं झाडावर ठेवायची. मला सहाला लागतात."

"व्हय सायेब," सिदराम म्हणाला. "दोन का, पाच ठेवतो."

"दोन पुरेत," उपळेकरसाहेब म्हणाले, आणि सभेला निघून गेले.